दोघांचं वजन

त्या वर्षी आमच्या घरात दोन माणसांचं वजन उतरत होतं. माझं, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. माझ्या वडिलांचं, कोणीही न सांगता. माझं वजन सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर उतरत होतं. वडिलांचं आजारानं उतरतंय हे आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता. तो उशीर अडाणीपणामुळे झाला, असं हॉस्पिटलमधल्या एका बाईंनी सुचवलं. ते खरं नाही. तो आमच्या तत्त्वामुळे झाला, आणि ते तत्त्व मला अजूनही चुकीचं वाटत नाही. म्हणून तर हे लिहिणं जड जातंय.

वडिलांना मी तात्या म्हणायचे. राहुरी तालुक्यात आमचं थोडं रान आहे, त्यात ऊस असतो. पण तात्यांचा जीव रमायचा पत्रकांत. पिवळ्या नाहीतर गुलाबी कागदावर एका बाजूला दाट मजकूर, खाली ‘आपला नम्र’ आणि त्याखाली नम्रपणाचा मागमूस नसलेली सही. मी अक्षरं शिकले ती या पत्रकांवरून. शाळेत ‘कमळ’ गिरवायच्या आधी मला घरी ‘जाहीर निषेध’ वाचता येत होतं. लहानपणी मी रुसले तरी मागण्या सांगून रुसायचे.

त्यांच्या पत्रकांचा विषय बहुतेक वेळा एकच, उसाचं वजन. शेतकरी वर्षभर ऊस सांभाळतो आणि शेवटी ट्रॉली कारखान्याच्या भुईकाट्यावर चढते तेव्हा आकडा दुसराच कोणीतरी सांगतो. तात्या ट्रॉली आधी बाहेरच्या खासगी काट्यावर न्यायचे, मग कारखान्यात, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापायचे. लोक आधी हसले, मग चिडले. शेवटी एकदा वजनमापे खात्याची माणसं शिक्क्याची वजनं घेऊन आली आणि काटा खरंच वजन मारत होता हे निघालं. त्या दिवसापासून आमच्या घरात नियम पक्का झाला. तपासल्याशिवाय कुठल्याच काट्यावर विश्वास ठेवायचा नाही. तात्यांनी त्यासाठी सरकारी शिक्क्याची दोन लोखंडी वजनं आणून पलंगाखाली ठेवली होती. झाडताना आईचा केरसुणीचा हात त्यांवर आपटायचा आणि ती दर वेळी काहीतरी पुटपुटायची.

पुढे मीही पत्रकं लिहू लागले. माझं शेवटचं पत्रक उसाच्या ट्रॉल्यांना मागून लाल रिफ्लेक्टर लावा म्हणून होतं. त्याच हंगामात, दिवेलागणीला नगरहून स्कूटीवर येताना, रस्त्यात बंद पडलेल्या एका ट्रॉलीवर मी जाऊन आदळले. रिफ्लेक्टर नव्हता. उजव्या गुडघ्याखालचं हाड फुटलं. पोलीस फिर्यादीत ट्रॅक्टरवाल्याचं नाव घाला म्हणत होते. मी कारखान्याचं घाला म्हटलं. तो ट्रॅक्टरवाला मला उचलून जीपमध्ये ठेवताना लहान मुलासारखा रडत होता. तो सगळ्यांत सोपा सापडणारा माणूस होता, आणि आमच्या घरातून सोप्या सापडणाऱ्या माणसाविरुद्ध कधी पत्रक निघालेलं नाही.

शेजारच्या काकू भेटायला आल्या आणि पायाच्या प्लास्टरकडे बघत म्हणाल्या, “पत्रक वाटून भागंना, म्हनून सोता जाऊन धडकलीस व्हय गं?”

त्या दिवसांत मला हसवणाऱ्या त्या एकट्याच.

बाकीचे खायला घेऊन यायचे. आपल्याकडे हाड मोडलेल्या माणसाला भेटायला रिकाम्या हाताने येत नाहीत. केळी, बिस्किटांचे पुडे, डिंकाचे लाडू. एक आत्या दर रविवारी बोकडाच्या पायांचा रस्सा डब्यात घेऊन यायची आणि मी तो पिऊन होईपर्यंत डबा घेऊन उठायची नाही. गुडघ्यात प्लेट बसवली होती, महिनोन् महिने अंथरूण होतं, आणि मी मुळातच अंगाने भारी. शाळेत असल्यापासून मला त्यावरून चिडवलेलं आहे. अंथरुणातून उठले तेव्हा आरशात मी मला दीडपट झालेली दिसले.

नगरच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडाला धरला. “हाड जुळलंय, छान जुळलंय,” ते म्हणाले. “पण वजन उतरवलं नाही, तर हा गुडघा तुम्हाला फार वर्षं चालू देणार नाही.”

बाईच्या अंगाची मापं काढणं हा प्रत्येकाला आपला हक्क वाटतो, याचा मला फार राग आहे. त्यावर मी एक पत्रकही लिहिलं होतं आणि ते माझं चांगलं पत्रक होतं. पण गुडघ्याला विचारसरणी नसते. मी घरी आले आणि आईला सांगितलं की उद्यापासून अर्धी भाकरी, बिनसाखरेचा चहा, भात बंद.

तात्या दारातून ऐकत होते. “मंग सगळ्यांनाच त्ये,” ते म्हणाले. “घरात दोन पंगती न्हाईत व्हायच्या. पोरीनं बिनसाखरंचा प्यायचा आन आपुन गोड ढोसायचा, ही काय रीत झाली?”

“आवो, तुमाला कुनी सांगितलंय वजन उतरवाया?” आई म्हणाली.

तात्यांनी पोटावरून हात फिरवला. ते चांगले भरलेले होते तेव्हा. “ह्ये काय कारखान्याच्या चेअरमनचं हाय का जपून ठिवायला? जाऊ दे की उलीसं.”

असा तात्यांनी माझा आहार उचलला. आई दोन दिवस कुरकुरली आणि तिसऱ्या दिवशी तिनेही साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवून दिला. बाजरीची अर्धी अर्धी भाकरी, मटकी, मेथी, पातळ ताक. तिघांची ताटं अगदी सारखी. तात्यांना त्याचा अभिमान होता. कोणी आलं की ते सांगायचे, आमच्याकडं समान वाटप हाय.

वजन करायचा काचेचा काटा मी मोबाईलवरून मागवला. तो आला त्याच दुपारी तात्यांनी पलंगाखालची वजनं ओढून बाहेर काढली आणि त्यावर ठेवली. आकडा थोडा कमी आला. काटा सरकवून पुन्हा ठेवली, तर जास्त आला. आमच्या घरात शहाबादी फरशी आहे, ती कुठे उंच कुठे खोल. दोष काट्याचा होता की फरशीचा, देव जाणे. तात्यांनी निकाल दिला, “ह्यो खातो.” तो काटा घरात राहिला, पण बदनाम झालेल्या माणसासारखा. त्याच्यावर आम्ही उभे राहायचो, आकडा वाचायचो आणि तो खरा मानायचो नाही.

माझं खरं वजन व्हायचं बाजाराच्या दिवशी, राहुरीतल्या एका भुसार दुकानात. तिथल्या शेठचा काटा तात्यांनी स्वतः तपासलेला होता. बाजरीच्या गोण्या बाजूला सारून मला त्या लोखंडी फळीवर उभं करायचे. पहिल्या वेळी मी कुबड्या खाली ठेवल्या तेव्हा तिथले हमाल मामा म्हणाले, “ताई, तुमी अंग सैल सोडा, मी गोनीसारखं धरतो.” सगळे हसले. मी घरी येऊन रडले. पण मग आकडा खाली यायला लागला आणि मला त्या दुकानाची ओढ लागली, हे लपवण्यात अर्थ नाही. तात्या आकडा मोठ्याने वाचायचे, सभेत ठराव वाचावा तसा.

सकाळी आम्ही दोघं पाटाच्या कडेने चालायला जायचो. मुळा धरणाचा हा पाट आमच्या वस्तीला लागूनच जातो. आधी वॉकर, मग काठी. पाटाला आवर्तन सुटलेलं असलं की तात्या माझ्या आणि पाण्याच्या मधे चालायचे. मी चालताना पायाकडे बघायचे, ते समोर बघून बोलायचे. कारखाना, वीज, पाण्याच्या पाळ्या, माझं लग्न न होणं, सगळं एकाच आवाजात. उन्हाळा लागला तसे ते वाटेतल्या मोरीच्या कठड्यावर बसायला लागले. मला वाटलं, माझ्यासाठी बसतात. मी म्हणायचे, “तात्या, मला नाही दम लागला, चला.” ते म्हणायचे, “बस गं बाई. घाई काय हाय.”

दोघंही उतरत चाललो होतो. लोक वाटेत थांबवून सांगायचे. दूध घालायला निघालेला एक जण मोटारसायकल थांबवून म्हणाला, “तात्या, पोरीच्या नादानं तुमी बी हिरो झाले की.” तात्या खूश. आमच्याकडे पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचं पोट आत गेलं की तो शहाणा ठरतो. ते का गेलं, हे कोणी विचारत नाही. अर्ध्या भाकरीतली अर्धी ते ताटात ठेवायला लागले. पोट लहान झालं, असं आम्ही म्हटलं. पाठ दुखायची. ती लोखंडी वजनं उचलल्यामुळे, असं आम्ही म्हटलं. काचेच्या काट्यावर त्यांचा आकडा माझ्यापेक्षा वेगाने घसरत होता. तात्या तो वाचून हसायचे. “बघ कसा खातोय. माझी पायलीभर बाजरी गिळली ह्यानं.” मीही हसायचे. लबाड काटा लबाडीच करणार. आम्हाला त्याचं नवल नव्हतं.

आईचं माप वेगळं होतं. एका दुपारी ती तात्यांची पँट घेऊन सोप्यात आली. कमरेला तिने आधीच एकदा टीप घातली होती, आता सेफ्टी पिन लावून ती दुसऱ्यांदा आवळत होती.

“काटा खोटा,” ती म्हणाली. “बरं. मंग पँट बी खोटी का?”

“धुवून धुवून सैल झाली आसंल,” तात्या पेपरातून म्हणाले.

“आवो, कापड धुतल्यावर आटतं.”

तात्यांनी पेपराचं पान उलटलं.

“आन सदऱ्याची कालर? ती बी सैल झाली? चपलाचा पट्टा?”

“तू आता माझ्याविरुद्ध पत्रक काढ,” तात्या म्हणाले, आणि आम्ही दोघं हसलो.

आई हसली नाही. पुढच्या बाजाराला ती आमच्याबरोबर निघाली. भुसार दुकानात ती कधी येत नसे, बाहेर भाजीच्या ओळीत थांबायची. त्या दिवशी सरळ आत आली, पदर खोचला आणि शेठना म्हणाली, “आज हिला ऱ्हाऊ द्या. ह्यांना चढवा.”

“मी काय बाजरी हाय का?” तात्या म्हणाले. पण आई जागची हलेना. दुकानात चार माणसं बघत होती. तात्यांनी चपला काढल्या आणि फळीवर उभे राहिले.

शेठनी आकडा वाचला नाही. त्यांनी फक्त बाजूला सरून आम्हाला तो दिसू दिला. घरचा काटा जे सांगत होता, जवळजवळ तेच होतं.

तात्या खाली उतरले. “शेठ, काटा तपासा,” ते म्हणाले.

दुसरा एखादा दुकानदार रागावला असता. शेठनी आतून शिक्क्याची वजनं मागवली. हमाल मामांनी ती एकेक करून फळीवर मांडली. आकडा बरोबर. तात्या म्हणाले, कोपऱ्यावर ठेवा. कोपऱ्यावर ठेवली. बरोबर. दुसऱ्या कोपऱ्यावर, तिसऱ्या, चौथ्या. खात्याची माणसं तपासतात तसंच सगळं त्यांनी करून घेतलं. गिऱ्हाइकं थांबून राहिली होती. मी काठीवर भार देऊन उभी होते आणि मनात म्हणत होते, एका तरी कोपऱ्यावर खोटा निघ. ज्या माणसाने जन्मभर खरा काटा मागितला, त्याची मुलगी हे मागत होती.

शेवटचं वजन उचललं. तात्या शून्याकडे बघत राहिले.

“बरोबर हाय काटा,” ते म्हणाले.

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या हळू कधी ऐकलं नव्हतं. शेठनी चहा सांगितला, साखरेचा आला. तात्यांनी तो पूर्ण प्याला. आईने त्यांच्या चपला सरळ करून त्यांच्या पायांपुढे ठेवल्या.

पुढचं नेहमीचंच आहे. नगर, मग पुणे, मग परत नगर. स्वादुपिंडाचा कॅन्सर. पसरलेला. फाईल लिहून घेणाऱ्या बाई म्हणाल्या, “अहो, एवढं वजन उतरलं, घरात कोणाच्या लक्षात कसं नाही आलं?” मी बोलणार होते, आणि मी बोलले असते तर ते बरं झालं नसतं. तात्यांनीच उत्तर दिलं.

“आलं हुतं की,” ते म्हणाले. “काट्यावर इस्वास न्हवता.”

बाईंना ते कळलं नाही. त्यांनी पुढचा रकाना भरला.

माझी काठी सुटली त्याच सुमारास तात्यांचं बाहेर चालणं बंद झालं. ऊस तोडायला टोळ्या आल्या होत्या. दिवसभर रस्त्यावरून ट्रॉल्या जायच्या आणि तात्या सोप्यातल्या पलंगावर पडून त्या आवाजावरून ट्रॉली किती भरली आहे ते सांगायचे. त्यांना संडासाला न्यायचं काम माझ्याकडे होतं. आईच्या कमरेला ते झेपत नव्हतं. पण तात्या माझ्यावर भार टाकायचेच नाहीत. एक हात भिंतीला, एक दाराला, आणि मी नुसती बाजूने.

“धरा ना मला,” मी म्हणायचे.

“गुडघा सांभाळ. डाक्टर काय म्हनला, वझं न्हाई टाकायचं.”

“तुमचं ओझं उरलंय किती?”

बोलून गेल्यावर मला वाईट वाटलं. तात्यांना वाटलं नाही. “त्ये शेठला इचार,” ते म्हणाले, आणि स्वतःच जरा हसले.

मग एकदा न्हाणीत त्यांचे पाय वळले आणि ते खाली बसले. उठता येईना. मी वाकून त्यांना दोन्ही हातांनी उचललं. सरळ उचललं, गुडघा वाकवून, भार त्याच पायावर घेऊन. तात्यांनी डोळे मिटून घेतले होते. पलंगावर ठेवेपर्यंत मी गुडघ्यातून कळ येण्याची वाट बघत होते. कळ आली नाही. पाय पूर्ण बरा झाला होता. इतके महिने मी ज्याची वाट बघितली ते असं आलं, ओल्या कपड्यांत, आणि मला वाटलं, दुखला असता तर बरं झालं असतं.

हंगाम संपायच्या आत तात्या गेले.

दहावं होईपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. बायका यायच्या, आईच्या गळ्यात पडायच्या, रडायच्या. मग डोळे पुसता पुसता त्यांची नजर माझ्याकडे जायची. “पोरीनं मात्र लई मनावर घेतलं हां. किती बारीक झाली. बघ कशी उजळली.” एकीने माझी दृष्ट काढायला सांगितलं. घरात माणूस मेलंय, आणि मी छान दिसतेय. बारीक बाई दिसली की आपल्या लोकांना सगळं ठीक चाललंय असं वाटतं. अंगाने भारी होते तेव्हा यांना माझी काळजी वाटायची, आणि आता मी ताटातली भाकरी चिवडून उठत होते, तर काळजी करायला कोणी नव्हतं. मी कोणाला काही बोलले नाही. बोलायचं असतं तर ते कागदावर आलं असतं, आणि त्या दिवसांत मला एक ओळ लिहवत नव्हती.

मी सकाळी एकटी पाटावर जायचे. मोरीवर न बसता पुढे, पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत आणि परत. आल्यावर भूक नसायची. अर्ध्याची पाव भाकरी झाली. कपडे लोंबायला लागले. डॉक्टरांकडे दाखवायला गेले तर ते गुडघा वाकवून बघत म्हणाले, फारच छान, पण आता इथेच थांबा. मी हो म्हटलं. थांबणं माझ्या हातात आहे असं मला वाटत होतं.

त्याच दिवशी घरी आले तेव्हा आई स्वयंपाकघरात खाली बसून भाकरी थापत होती. मी आत कपडे बदलले आणि सलवार दोरीवर टाकली. थोड्या वेळाने बघते तर आई ती सलवार हातात धरून उभी. नाडी ओढून ओढून कमरेचं कापड कुठवर गोळा झालंय ते बघत होती. पिठाची बोटं कापडावर उमटली होती. तिने ती परत दोरीवर टाकली, आत गेली आणि मला जेवायला हाक मारली.

ताटात अख्खी भाकरी होती. वर तूप. शेजारी गुळाचा खडा.

“आई, अर्धी दे.”

“अर्धी न्हाई.”

“डॉक्टरांनी सांगितलंय ना—”

“डाक्टरनं तुझा गुडगा बघितला. मी तुला बघती.” ती माझ्यासमोर खाली बसली. “त्या येळंला मी बोलले आन तुमी दोघं हसले मला. आता मी हसू द्यायची न्हाई. ह्या घरात आता कुनी बारीक व्हायचं न्हाई. खा.”

मी तुकडा मोडला. तोंडात घातला, पण खाली उतरेना. आई माझ्या गळ्याकडे बघत होती. ती जागची हलली नाही. बाहेर कोणाची तरी रिकामी ट्रॉली खडखडत गेली. घास उतरला. मी दुसरा मोडला, गुळाला लावला.

मग ती उठली, गॅस मोठा केला आणि परातीत आणखी एक गोळा मळायला घेतला.